नानांचा डेक आणि मोबाईलमधली गाणी

आमच्या घरात शोकेसच्या खालच्या कप्प्यात एक डेक आहे. त्यावर आईने क्रोशाने विणलेला रुमाल आहे, आणि रुमालावर गेली कित्येक वर्षे औषधांचा डबा. डेकच्या दोन्ही बाजूंना गावच्या सुताराने सागाच्या फळ्यांत बसवून दिलेले स्पीकरचे दोन खोके आहेत. पाहुणे आले की त्यावर चहाचे कप ठेवतात. थोडक्यात, वस्तू गाणे वाजवायची, पण तिचे फर्निचर झालेले.

१९९४ साली आमचे वडील, नाना, मुंबई महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले. हातात आलेल्या पैशातून त्यांनी घरावरचे पत्रे बदलले, आत्याचे देणे फेडले आणि उरलेल्यातून लॅमिंग्टन रोडवरून हा डेक आणला. कंपनीचा नव्हे, दुकानदाराने जोडून दिलेला. कल्याणहून माळशेज घाटाने येणाऱ्या एस.टी.त तो त्यांनी मांडीवर घेतला होता आणि घाटातल्या प्रत्येक वळणाला दोन्ही हातांनी आवळून धरला होता, असे ते नेहमी सांगत. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. संध्याकाळी खोके अंगणात आले आणि जुन्नर तालुक्यातल्या आमच्या वस्तीत पहिल्यांदा ढोलकीचा धुम्म खरोखर छातीत जाणवला.

कॅसेट नाना ६ डिसेंबरला दादरहून आणत. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद-मिलिंद, वामनदादा. पुस्तकाच्या स्टॉलवर एक पुस्तक घेतले तर दोन कॅसेट, असे त्यांचे प्रमाण होते. आई म्हणायची, "पुस्तक तुम्ही वाचणार, मला काय? मला कॅसेट आणा." आईला अक्षरओळख नाही. तिच्या पिढीच्या कितीतरी बायांना बाबासाहेबांचे चरित्र समजले ते पुस्तकातून नाही, गाण्यातून. हे काही मी नवीन सांगत नाही.

पुढे सीडी आली, मोबाईल आला, डेकचा पट्टा सैल पडला आणि कॅसेट "वाँव" करू लागल्या. २०२१ साली नाना गेले. गेल्या पावसाळ्यात आई आजारातून उठली आणि एक दिवस म्हणाली, "नानांचा बाजा लाव की रं." मी मोबाईलवर गाणे लावून तिच्या उशाशी ठेवले. दोन मिनिटे ऐकून ती म्हणाली, "बंद कर. माठात माशी गुणगुणल्यावानी वाटतंय."

माझी थोरली मुलगी कॉलेजात आहे. तिने डेक पुढे ओढून मागची बाजू पाहिली आणि म्हणाली, "पप्पा, बिघडलाय तो फक्त कॅसेटचा भाग. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर चालूच असणार. मोबाईलचा आवाज यातून काढता येतो." मी बी.कॉम. झालेला कारकून. जमाखर्च सोडून कुठल्या वायरीत हात घातलेला नाही. पण आईने ते ऐकले होते, त्यामुळे माघार नव्हती.

ज्या घरांत असे जुने डेक धूळ खात पडले आहेत त्यांच्यासाठी आमच्या चुका सांगतो, म्हणजे त्यांचा वेळ वाचेल. एक वायर लागते. तिच्या एका टोकाला मोबाईलच्या हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल व पांढरी अशा दोन पिना. ती नारायणगावात इलेक्ट्रिकच्या दुकानात शंभर-सव्वाशे रुपयांत मिळाली. नव्या मोबाईलला हेडफोनचे भोक नसेल तर चार्जिंगच्या जागी बसणारा छोटा जोड वेगळा घ्यावा लागतो. डेकच्या मागे भोकांच्या चार जोड्या होत्या : फोनो, ट्यूनर, टेप आणि ऑक्स. मी "फोनो" वाचले, म्हटले हीच फोनची जागा असणार. पिना घातल्या, बटण फिरवले आणि खोक्यातून असा घरघराट आला की शेजारची म्हातारी विचारायला आली, गिरणी बसवली काय.

फोनो म्हणजे फोन नव्हे, ग्रामोफोन. तबकडीवरच्या सुईतून येणारा आवाज फार क्षीण असतो, म्हणून त्या जागेत तो आतल्या आत पुष्कळ वाढवला जातो, खालच्या पट्टीचा तर आणखीच. मोबाईलमधून आधीच तयार आवाज येतो. त्याला पुन्हा तेवढे वाढवल्यावर दुसरे काय होणार? पिना ऑक्समध्ये घातल्या आणि गाणे स्वच्छ झाले. ऑक्स नसेल तर टेप किंवा ट्यूनरची जागाही चालते.

स्वच्छ झाले, पण ढोलकी हरवली. नाल वाजते आहे हे कळत होते, पण ती छातीत येत नव्हती. दोन दिवसांनी मुलीने शोधले की घर रंगवताना आम्ही एका खोक्याच्या वायरी उलट लावल्या होत्या, अधिकची उण्याला. मग एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वायर सरळ केली. आई स्वयंपाकघरात होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि काही न बोलता दारातच बसली.

नंतर आम्ही ब्लूटूथचा एक छोटा डबा आणला. काडेपेटीएवढा, साडेसातशे रुपयांचा. तो डेकला कायम जोडलेला राहतो आणि मोबाईल हातात ठेवून गाणे बदलता येते. तीसेक फुटांपर्यंत चालतो म्हणतात. आमच्याकडे मधे मातीची जाड भिंत असल्यामुळे स्वयंपाकघरात गेले की गाणे अडखळते. आमच्या जवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर रुंदीच्या मोठमोठ्या तबकड्या आहेत, पंचवीस-तीस किलोमीटरच्या टापूत मिळून तीस. त्यांना आकाशगंगांकडून येणारा आवाज ऐकू येतो आणि आमच्या डब्याला चुलीपर्यंत पोचता येत नाही, असे मी म्हटले तर मुलगी म्हणाली, "पप्पा, त्यांचं बजेट बघा."

डब्याचा दुसरा ताप म्हणजे फोन. एका रविवारी प्रल्हाद शिंदे यांचा आवाज टिपेला पोचलेला आणि मधेच मला ऑफिसातून फोन आला. चुकून उचलला गेला. अख्ख्या वस्तीने आमच्या साहेबांचा आवाज स्टिरिओत ऐकला : "तो फेब्रुवारीचा गोषवारा अजून का आला नाही?" तेव्हापासून काच तडकलेला एक जुना मोबाईल, सिमकार्ड काढून, फक्त गाण्यासाठी डेकजवळ ठेवला आहे. तो घरच्या वायफायवर किंवा दुसऱ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतो. आईला त्यावरची चार चित्रे ओळखू येतात आणि ती स्वतः गाणे लावते. तीस-चाळीस हजारांची यंत्रे आहेत म्हणे, जी थेट वायफायवरून गाणे ओढतात आणि त्यांना मोबाईल लागतच नाही. त्यांच्या वाटेला आम्ही गेलो नाही. घरात स्मार्ट टीव्ही असेल आणि त्याच्या मागे हेडफोनची जागा असेल, तर तीच वायर तिथे लावूनही काम होते.

हिशेब माझ्या अंगवळणी पडलेला आहे, म्हणून तोही केला. ही गाणी मोबाईलमध्ये साठवलेली नसतात. नळाच्या पाण्यासारखी ती वाहत येतात आणि वाहून जातात. उत्तम प्रतीचे म्हणजे ३२० किलोबिटचे गाणे तासभर ऐकले तर साधारण १४४ एमबी खर्च होतात. ९६ किलोबिटवर ठेवले तर तासाला ४३. रोज दीड जीबीचे रिचार्ज असेल तर चिंता नाही, पण मुलांचा अभ्यासही त्याच डेटावर असेल तर सेटिंगमध्ये जाऊन प्रत कमी करावी. मोबाईलच्या स्पीकरवर तो फरक कळत नाही. डेकवर थोडा कळतो, टाळ-झांजेत जास्त.

गाना हे २०१० पासून आहे. सावन आणि जिओ म्युझिक एकत्र होऊन २०१८ मध्ये जिओसावन झाले. स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिक २०१९ साली भारतात आले. काहींवर फुकट ऐकता येते, पण जाहिराती ऐकाव्या लागतात. सकाळी वंदना लावली आणि दोन मिनिटांनी त्याच गंभीर शांततेत एक बाई ओरडू लागली की पुरुषांच्या बनियनवर सूट आहे! महिन्याला शंभर-दीडशे रुपये भरले की जाहिरात जाते. आम्ही तीन महिने भरले, मग सोडले, मग आईसाठी पुन्हा भरले. पैसे भरणे थांबवले की त्या अ‍ॅपमध्ये उतरवून ठेवलेली गाणीही बंद होतात. कॅसेटसारखी ती आपल्या मालकीची होत नाहीत, हे पक्के लक्षात ठेवावे.

आता गाणी शोधण्याची गोष्ट, आणि हे लिहायला मी बसलो ते खरे यासाठीच.

वामनदादा कर्डक आमच्या वाटेवरचे. नारायणगावातून नाशिकच्या गाडीत बसले की सिन्नर लागते. त्या तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली ते जन्मले. लहानपणी शाळा नाही. मुंबईत मोठेपणी अक्षरे शिकले आणि हजारो गाणी लिहिली. त्यांचे नाव मी इंग्रजी अक्षरांत घातले तेव्हा एक यादी आली, दुसऱ्या स्पेलिंगने घातले तेव्हा दुसरी, आणि देवनागरीत घातले तेव्हा तिसरी. म्हणून शोधताना तिन्ही प्रकारे शोधावे. पण सगळ्या याद्यांत मिळून मला जेवढी गाणी सापडली त्याच्या कितीतरी पट आईला पाठ आहेत. कारण गाणे ज्याने गायले त्याच्या नावाने लागते. पडद्यावर गायकाचे नाव असते, कंपनीचे नाव असते, अल्बमचे रंगीत चित्र असते. लिहिणाऱ्याचे नाव पुष्कळदा नसतेच, किंवा तीन ठिपक्यांवर बोट ठेवून आत शिरल्यावर कुठेतरी बारीक अक्षरांत असते. आणि आत गेल्यावर तिथे कवी म्हणून भलत्याचेच नाव, असेही मी पाहिले आहे. कॅसेटच्या आतल्या कागदावरही सगळे काही बरोबर असायचे असे नाही. पण कागद हातात असायचा आणि नाना चुकलेले नाव पेनाने दुरुस्त करायचे.

आईला वाचता येत नाही, तरी कवी ओळखायला तिला पडदा लागत नाही. मी एखादे गाणे लावतो आणि ती म्हणते, "थांब. शेवटचं कडवं येऊ दे." कारण शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचे नाव गुंफतो. तुकोबांच्या अभंगात जसे तुकोबांचे नाव येते तसेच आपल्या भीमगीतांत. वामनदादांच्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो. छापखाना, कंपनी, माईकवाला यांच्यापैकी कुणी नाव गाळले तरी ते गाळता येऊ नये, म्हणून ते गाण्याच्याच पोटात शिवून ठेवलेले असते. ज्यांच्याकडे ना सातबारा ना कागद, त्यांनी आपल्या मालकीची नोंद अशी केली.

पण आता डी.जे.वाले ती नोंदही कापतात. जयंतीच्या मिरवणुकीत वाजणारी जी मिक्स गाणी आहेत ती ध्रुपद आणि एखादे कडवे घेतात, त्यावर मशीनचा ठोका घालतात आणि तीन मिनिटांत संपवतात. शेवटचे कडवे जाते आणि त्याबरोबर माणूस जातो. अ‍ॅपमध्ये तीच मिक्स गाणी वर येतात, कारण तीच जास्त ऐकली जातात. ऐकणारे म्हणजे आपलीच मुले. नाचू नका असे मी म्हणत नाही. मीही नाचलो आहे, गुडघे बरे होते तेव्हा. मी त्यांच्याशी एवढेच भांडलो की मिरवणुकीत मिक्स लावा, पण विहाराच्या कार्यक्रमात पूर्ण गाणे लावा आणि लावण्याआधी कवीचे नाव घ्या. दोन मंडळांनी ऐकले. एकाने मला 'जुना माणूस' ठरवले.

यात पैशाचाही प्रश्न आहे. गाणे वाजले की रेकॉर्डच्या मालकाला काही ना काही मिळते. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. शब्द लिहिणारा आणि चाल बांधणारा यांचा रॉयल्टीतला हक्क त्यामुळे कायद्याने राखला गेला. तो फक्त वारसांना किंवा त्यासाठी नेमलेल्या सोसायटीलाच देता येतो. आयपीआरएस ही अशी सोसायटी १९६९ पासून आहे. पण तिथे कवीने किंवा त्याच्या वारसाने सभासद व्हावे लागते, गाण्यांची नोंद करावी लागते. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क चालतो. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले. त्या वर्षी गेलेल्या कवीच्या शब्दांवरचा हक्क २०६४ च्या अखेरीपर्यंत आहे. खेड्यापाड्यांतल्या आपल्या किती शाहिरांच्या मुलांना हे ठाऊक आहे? आमच्या जुन्नर-आंबेगावात मी विचारले, तेव्हा एकालाही नव्हते. मलाही दोन वर्षांपूर्वी नव्हते.

असो. आईचे बहुतेक समाधान झाले होते. विठ्ठल उमप ऐकताना ती दर वेळी सांगते, "ह्यो माणूस गाता गाताच गेला." आणि ते खरे आहे. २०१० साली नागपुरात कार्यक्रम चालू असतानाच ते मंचावर कोसळले. मराठवाड्याच्या कडूबाई खरात एकतारीवर गातात, त्यांना तर आईने मुलीच मानले आहे. पण एक दिवस ती म्हणाली, "आता आपल्या पार्टीचं लाव."

आपली पार्टी म्हणजे नानांची गायन पार्टी. नाना पेटी वाजवायचे, चुलते ढोलकीवर, आणि गाणारे व गाणी रचणारे आंबेगाव तालुक्यातले एक शाहीर. डिंभे धरणात त्यांचे मूळ गाव पाण्याखाली गेले, मग ते घोडेगावकडे राहायला आले. दिवसा बांधकामावर जायचे, रात्री गाणी बांधायचे. जयंतीच्या महिन्यात या पार्टीला घोडेगाव, मंचर, ओतूर, नारायणगाव इथून सुपाऱ्या असत.

"आई, ते ह्यात नाही."

"सगळी गाणी ह्यात हायेत म्हणला व्हतास."

तिला काय सांगणार? त्यांचे रेकॉर्डिंग कुठल्याही कंपनीने केले नव्हते. १९९६ च्या जयंतीला नानांनी टेपरेकॉर्डर स्टेजखाली ठेवून भरलेली एक नव्वदची कॅसेट तेवढी होती, ट्रंकेत, नऊवारीच्या घडीत. मी ती काढली तर टेपवर पांढरी बुरशी.

मंचरच्या एका जुन्या मेकॅनिकने डेकचा पट्टा बदलला. त्याने स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसले, कॅसेटचे स्क्रू काढून टेप नव्या खोक्यात घातली आणि बजावले, "एकदाच वाजवा. वाजवतानाच भरून घ्या. दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री मी देत नाही." तीच लाल-पांढरी वायर आता उलट कामाला आली. डेकच्या 'टेप आउट' मधून मुलीच्या लॅपटॉपमध्ये, मधे आवाज आत घेणारा दोनशे रुपयांचा एक खडा. ऑडॅसिटी नावाचे फुकटचे सॉफ्टवेअर लावले. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे लागतात, घाई चालत नाही. आम्ही पंखा बंद केला आणि मोबाईल बंद केले, का ते मला माहीत नाही, वायरीतून आवाज जात होता.

आधी नानांचा खोकला आला. मग पेटीचा भाता. कुणीतरी ढोलकी चढवत होता. मग सूत्रसंचालकाचा आवाज : अमुक यांच्याकडून पार्टीला अकरा रुपये, तमुक यांच्याकडून एकवीस, टाळ्या. एक मूल रडत होते आणि बाई त्याला गप्प करत होती. आई म्हणाली, "ही माझी जाऊ." मग शाहिरांचा आवाज चढला. माझ्या लहानपणापेक्षा तो जास्त बारीक वाटला, किंवा मी लहान असल्यामुळे तेव्हा मोठा वाटला असेल. खोक्यांतून खरखर भरपूर येत होती, तरी ढोलकी छातीत येत होती.

दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे आईचे आवडते. रमाईवरचे. तीन कडवी झाली, चौथ्याची पेटी सुरू झाली, शाहिरांनी पहिला शब्द उचलला आणि खट् आवाज झाला. टेप संपली.

कोणी काही बोलले नाही. शाहीर २००८ साली गेले, त्यांची वही पावसात गेली. ते गाणे त्यांचेच, हे सांगणारे कडवे त्या चौथ्यातच होते.

आईने लॅपटॉपकडे बोट दाखवले. "त्यो चालू हाय का अजून?"

मुलगी म्हणाली, "चालू आहे आजी, पण आवाज वायरीतून येतो, इथून नाही." तिने मोबाईलचे रेकॉर्डिंग लावून आईपुढे धरले. आईने पदर डोक्यावर घेतला, मांडीवर ठेका धरला आणि चौथे कडवे म्हटले. दम पुरला नाही, मधे एकदा थांबली. शेवटच्या ओळीत शाहिरांचे नाव आले.

आता ते गाणे दोन तुकड्यांत आमच्याकडे आहे. मुलगी म्हणते यूट्यूबवर टाकू, तिथे फुकट टाकता येते. मी म्हटले, आधी शाहिरांच्या मुलाला विचारू, हक्क त्याचा आहे. वर कोणाकोणाची नावे लिहायची याची यादी मी केली आहे : कवी-गायक, पेटी, ढोलकी, टाळ. कोरसमधले दोन आवाज ओळखू येत नाहीत. आईच्या मते एक ओतूरचा आहे. येत्या रविवारी पेनड्राइव्ह आणि छोटा स्पीकर घेऊन आम्ही घोडेगावला जाणार आहोत. आईही येते म्हणते आहे. तिच्या गुडघ्यांमुळे एस.टी. जमणार नाही, रिक्षा सांगितली आहे.